अँथ्रॅक्सची लस : परिणाम कसा तपासतात?

२००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून पाठवलेल्या अँथ्रॅक्समुळे २२ जण आजारी पडले, ५ दगावले. २०२३ मध्ये तिथे नव्या, दोन डोसच्या लशीला मान्यता मिळाली. लस घेतलेल्या माणसाला मुद्दाम संसर्ग करून पाहता येत नाही. म्हणून स्वयंसेवकांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजून, प्राणी ज्या पातळीला वाचतात तिच्याशी ती ताडतात. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून संपर्कानंतर लशीसोबत अँटिबायोटिक्सही द्यावी लागतात.

तुम्हाला ही लस हवी का? सर्वसामान्यांना गरज नाही. आपल्याकडे धोका जनावरांच्या काळपुळीचा आहे. जनावर अचानक मेले तर कापू नका, पशुवैद्यकांना कळवा. अशा संपर्कानंतर न दुखणारी, काळी खपली धरलेली जखम दिसली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. वेळेवर उपचारांनी ती बरी होते.