सूर्य सगळ्यांचा, गायरान कुणाचं?

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. हे आधीच सांगतो, कारण गायरानाचं नाव काढलं की 'तुम्हाला विकासच नको' असं ऐकावं लागतं. शेतकऱ्याला रात्री मोटर चालू करायला विंचू-काट्यात जावं लागू नये, उपकेंद्राच्या जवळच वीज तयार व्हावी, लांबच्या तारांतली गळती वाचावी, यात वाईट काय आहे? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 हेच म्हणते.

भांडण जमिनीचं आहे. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बऱ्याचदा गायरान. कागदावर 'पडीक', प्रत्यक्षात आपल्या माणसांनी दोन-तीन पिढ्या दगड वेचून पिकाखाली आणलेली. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच पडीक जमिनींसाठी केले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला, तरी कितीतरी कुटुंबांच्या हातात अजून सातबारा नाही. ज्याच्याकडे सातबारा त्याला भाडं, ज्याने घाम गाळला त्याला नोटीस!

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला फक्त 5 टक्के रक्कम भरावी लागते. चांगलंच आहे. पण पंप जमिनीच्या मापाने मिळतो. भूमिहीनाने काय मागायचं? घराच्या छतासाठी 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, पण गळक्या पत्र्यावर पॅनेल बसत नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, वीज त्यांच्याच खात्यात होती. स्वस्त आणि मुबलक वीज हवी आणि वीजक्षेत्र शासनाच्या हाती हवं, ही त्यांची भूमिका. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीनही शासनाच्या मालकीची करून ती जातपात न बघता कसायला द्या, असं ते मांडतात. आज जमीन शासनाची, पण ती मिळते खासगी विकासकाला. आणि आपले काही नेते त्या भूमिपूजनाला जाऊन नारळ फोडतात.

कसणाऱ्याचा दावा निकाली निघाल्याशिवाय गायरान प्रकल्पाला देऊ नये, आणि द्यायचंच झालं तर भाडं कसणाऱ्यालाही मिळावं. ग्रामसभेत हा ठराव मांडा. त्याआधी तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना 1-ई मध्ये आपल्या वस्तीतल्या कोणाकोणाची नोंद आहे ते बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कुंपणाचे खांब रोवल्यावर धावाधाव करून हाती काही लागत नाही.

जय भीम!