एका ओळीतले चापेकर

'रँडवर गोळी कोणी व केव्हा झाडली?' असे विचारताच आमच्या पिंपरी-चिंचवडचा विद्यार्थी उत्तरतो, 'चापेकर बंधूंनी, २२ जून १८९७ रोजी.' इतिहासाचे सामान्यज्ञान येथे संपते. वास्तविक प्रश्न येथूनच सुरू व्हायला हवेत. प्लेगच्या काळातील घरझडत्यांनी पुणे का संतापले? चिंचवडच्या कीर्तनकाराचे मुलगे शस्त्राकडे का वळले? दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात परकी सत्तेविषयीच्या द्वेषासोबत सुधारकांविषयीचा रोषही आहे. हुतात्म्याला वंदन करताना ही अडचणीची पाने वगळायची काय? माझ्या मते, मुळीच नाही. तारीख स्पर्धापरीक्षेसाठी पाठ होईलच. माणूस समजून घ्यायचा तर ते आत्मवृत्त मराठीच्या वर्गात वाचले गेले पाहिजे.