जंगलवाटेवरचे फलक

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणारा महामार्ग वाटेत दाट जंगल ओलांडतो. शहरातील चौकाचा सिग्नल मागे पडला की रात्री वाहनचालकास साथ उरते ती फलकांचीच. या फलकांना वीज लागत नाही. त्यांच्या आवरणातील सूक्ष्म काचमणी वा लोलक गाडीचा प्रकाश आल्या दिशेसच परत पाठवितात. म्हणून काळोखातही हरणाचे चित्र असलेला लाल काठाचा त्रिकोण उजळून दिसतो.

हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिव्याचा खालचा झोत सुमारे ४० मीटरपर्यंत नीट दाखवितो, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद सहज सरतो, म्हणजे ३३ मीटर. उरलेल्या सात मीटरांत मालाने भरलेला टेम्पो थांबत नाही. फलक ही सूचना आधीच देतो. परंतु त्यावर धूळ साचली, वेल चढली किंवा कोणाच्या वाढदिवसाचे पत्रक चिकटले, की तो मुका होतो.

व्यापारी कुटुंबांनी स्वतःच्या गाडीकडेही पाहावे. नियमाप्रमाणे मालवाहनास परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंस पिवळी व मागे लाल असते. आलापल्लीच्या बाजारासाठी रात्री निघालेल्या गाडीची मागील पट्टी लोंबत्या ताडपत्रीखाली झाकली गेली, आणि ती पंक्चर होऊन कडेला थांबली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वारास ती दिसावी कशी? विम्याचा हप्ता तारीख न चुकविता भरणारे मालक या स्वस्त पट्टीकडे काणाडोळा करतात, हे नवलच. ताडपत्रीची दोरी पट्टीच्या वर बांधावी, असे हमालास बजावावे. ओल्या फडक्याने ती पुसण्यास दोन मिनिटे पुरतात.