खोकल्याच्या औषधाचा माग: हरित चाचणीचे बळ आणि मर्यादा

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये कोडीनयुक्त खोकल्याचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याचा निर्णय जाहीर केला. गैरवापर आणि व्यसनाधीनता ही त्यामागची कारणे होती. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची स्थिती निराळी आहे. 1958 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध तेथे आजही चिठ्ठीविना मिळते. कॅलिफोर्नियाने 2012 पासून अल्पवयीनांना त्याची विक्री मात्र बंद केली. नेहमीच्या मात्रेत ते खोकला शमवते, अनेक पटींनी घेतल्यास भास निर्माण करते. त्यामुळे ते बाटलीत किंवा शरीरात नेमके किती आहे, हे ओळखण्याला महत्त्व आले आहे.

प्रयोगशाळांचा रुळलेला मार्ग द्रव-क्रोमॅटोग्राफीचा. तो अचूक आहे, पण त्यासाठी बहुधा ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल ही विषारी द्रावके लागतात. मिनिटाला 1 मिलिलिटर या वेगाने अखंड चालणारे यंत्र दिवसाला जवळपास दीड लिटर द्रावण वापरते, आणि ते सारे घातक कचऱ्यात जमा होते.

प्रतिदीप्तीवर आधारित पद्धती येथे पर्याय ठरतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा रेणू स्वतःच प्रतिदीप्त आहे: सुमारे 280 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून तो सुमारे 310 नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर टाकतो. नमुना पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये विरळ केला, की काही मिनिटांत मोजणी होते. अडचण अशी, की त्याच बाटलीत अनेकदा असणारे ग्वायफेनेसिनही जवळपास याच पट्ट्यात चमकते. म्हणून शोषित आणि उत्सर्जित तरंगलांबींतील अंतर स्थिर ठेवून मोजणी केली जाते आणि गणिती प्रक्रियेने एकमेकांवर चढलेले आलेख वेगळे काढले जातात. अशा पद्धती पर्यावरणाला कितपत अनुकूल आहेत, हे 2020 मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ॲग्री’ मापनात शून्य ते एक या गुणांनी ठरवता येते.

परंतु हरित असणे म्हणजे निर्णायक असणे नव्हे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि त्याचे आरशातील प्रतिबिंब असलेले लेव्होमेथॉर्फन यांची प्रतिदीप्ती सारखीच असते. पहिले खोकल्याचे साधे औषध. दुसऱ्याचे शरीरात मॉर्फिनहून प्रबळ अशा द्रव्यात रूपांतर होते, म्हणूनच ते 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे. 2012 च्या अखेरीस लाहोर आणि गुजरांवाला येथे खोकल्याच्या औषधामुळे 50हून अधिक माणसे दगावली. त्यातील कच्च्या मालात लेव्होमेथॉर्फनची भेसळ आढळली आणि त्याचा माग कोल्हापूरच्या एका कारखान्यापर्यंत पोहोचला. साध्या प्रतिदीप्ती चाचणीने हा माल निर्धोक ठरवला असता.

चुकीचा निष्कर्ष उलट दिशेनेही निघतो. नोकरीपूर्व लघवी तपासणीतील प्रतिपिंडाधारित चाचण्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे कधी कधी फेनसायक्लिडीन या अमली पदार्थाचा खोटा संशय येतो. अशा वेळी खोकल्याचे औषध घेतलेल्या माणसाची नोकरी दुसऱ्या, पक्क्या तपासणीवर अवलंबून राहते.

तात्पर्य, प्रतिदीप्ती ही उत्तम चाळणी आहे. शंभर नमुन्यांतून संशयास्पद पाच वेगळे काढण्याचे काम ती स्वस्तात आणि अल्प प्रदूषणात करील. त्या पाचांसाठी वस्तुमान-वर्णपटमापन, आणि कच्च्या मालाच्या बाबतीत डावे-उजवे रेणू वेगळे करणारी तपासणी, यांवर होणारा द्रावकांचा खर्च मात्र टाळण्याजोगा नाही. नियामकांनी हे दोन टप्पे नियमांतच स्पष्ट केले, तर हरित रसायनशास्त्र रुग्णाच्या सुरक्षिततेला मारक न ठरता पूरक ठरेल.