मेघांचे सामर्थ्य कसे मोजावे?

तंजावरच्या सखल शिवारात उभे राहिल्यास निलगिरीचे डोंगर दृष्टीस पडत नाहीत. तरीही येथील भातशेतीचा त्यांच्याशी निकटचा संबंध आहे. निलगिरीवर पडणाऱ्या पावसाचे पुष्कळसे पाणी भवानी नदीतून कावेरीस मिळते आणि कावेरी ते तंजावरच्या कालव्यांपर्यंत आणते. या पाण्यातील काही वाटा गडगडाटी मेघांचा असतो. मात्र जीवन देणारा हाच मेघ प्राणही घेतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली भारतात वीज पडून २,८८० माणसे दगावली.

डोंगरावर असा मेघ कसा बनतो? उन्हाने उतार तापले की दमट हवा वर चढते, थंड होते व बाष्पाचे जलबिंदू होतात. अधिक उंचीवर हिमकण आणि गारांचे कण एकमेकांवर आदळतात व विद्युत्भार विलग होतो. मेघाचा एकूण विद्युत्दाब मोजणे मात्र फार अवघड. कारण विमान किंवा फुगा त्याच्या एखाद्या भागातूनच जातो.

यावर उपाय सापडला तो उटी येथे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 'ग्रेप्स-३' ही वेधशाळा तेथे २,२०० मीटर उंचीवर आहे. विश्वकिरणांमुळे वातावरणात उत्पन्न होणारे 'म्यूऑन' नावाचे सूक्ष्म कण ती अहोरात्र मोजते. हे कण विद्युत्भारित असल्याने मेघातून येताना त्यांची ऊर्जा बदलते व खाली नोंदल्या जाणाऱ्या कणांची संख्याही बदलते. १ डिसेंबर २०१४ रोजी एका वादळात ही संख्या सुमारे २ टक्क्यांनी घटली. त्यावरून मेघाचा विद्युत्दाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट निघाला! आपल्या घरातील वीज अवघी २३० व्होल्टची असते. मेघात असा प्रचंड दाब असावा, हे अनुमान सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ साली केले होते. त्याला पुष्टी देणारे हे मापन २०१९ साली प्रसिद्ध झाले.

मेघाला स्पर्शही न करता त्याचे बळ असे जाणता आले. परंतु या मापनाने कोसळणारी वीज थांबत नाही. तिच्यापासून जपायचे ते आपणच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते हाताशी नसले, तरी पहिला गडगडाट हीच सूचना समजावी. बांध सोडावा, झाडाचा आडोसा टाळावा आणि पक्क्या घरात यावे. राहिलेली लावणी उद्या होईल. गेलेला माणूस परत येत नाही.