भुईचं मोल

मागं तालुक्याच्या गावी एक व्याख्यान ऐकायला गेलो होतो. विषय होता 'साहित्यातलं घर'. प्राध्यापक चांगलं बोलले. घर म्हणजे आईची कूस, घर म्हणजे माणसाचं मूळ, पडका वाडा म्हणजे पडतं घराणं, उंबरा म्हणजे मर्यादा. शेवटी म्हणाले, "घर हे स्त्रीचं प्रतीक आहे." टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या. पण माघारी येताना एसटीत डोक्यात किडा वळवळायला लागला. घर जर बाईचं, तर घराच्या कागदावर बाई का नसती?

मी दहावी शिकलेला शेतकरी. मोठ्या माणसांशी वाद घालायची माझी ऐपत नाही. पण घर म्हणजे काय हे मी भीमेच्या काठावर डोळ्यांनी बघितलंय, म्हणून बोलतो.

आमचं जुनं घर आज उजनीच्या पाण्यात आहे. धरण 1980 साली पुरं झालं, पण आमची उठाउठ त्याच्या आधीच सुरू झाली होती. घर माळवदाचं, पाच खणांचं. भेंड्याच्या भिंती, बाभळीच्या तुळया, वर पांढरी माती. असलं घर एकदा बांधून भागत नाही. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकावी लागते. पाऊस लागला की रात्री उठून कुठं गळतंय ते बघावं लागतं, खाली परात ठेवावी लागते. भिंतीचा पोपडा पडला की माती, शेण, भुसकट तुडवून लिंपावं लागतं. आठवड्याला भुई सारवायची, चुलीला रोज पोतेरं द्यायचं. माळवदावर माती चढवायला आम्ही गडीमाणसं असायचो, ती वर्षातनं एक-दोन दिवस. बाकी सगळं आईनं, चुलतीनं आणि आक्कानं केलं. एक पावसाळा त्यांनी हात आखडता घेतला असता, तर तुळया बघत राहिल्या असत्या आणि भिंती खाली बसल्या असत्या.

मग धरणाची मोजणी आली. टेप लावून माणसांनी घर मोजलं. खण किती, तुळया किती, दारं किती, पायाला दगड किती, सगळं लिहून घेतलं. आई सोप्याच्या कडेला पदर सावरून उभी होती. लिहिणारा वही मिटायला लागला तशी ती म्हणाली, "आवं, आन् भुई न्हाई मोजली?" तो हसून म्हणाला, "मावशी, शेणामातीला कसलं मोल?" नोटीस वडिलांच्या नावानं आली, पैसेही वडिलांच्या नावानं आले. भूसंपादनाचा कायदा 1894 सालचा, इंग्रजांचा. त्याला नुकसान कळायचं ते मालकाचं. आईच्या तीस वर्षांच्या सारवणाला त्यात रकाना नव्हता. आम्हा घरातल्या गड्यांनाही ते तवा खटकलं नाही, हे इथं कबूल करतो.

आता उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. पुण्या-मुंबईची माणसं होडीत बसून फोटो काढायला येतात. बुडालेल्या घरांच्या जोत्यावर उभं राहून कुणी डोळे पुसतं, कुणी कविता करतं. रडू द्या, माझी ना नाही. पण तिथं प्रत्येकाला हरवलेलं गाव दिसतं, हरवलेलं बालपण दिसतं. जिच्या हातचं शेण त्या भुईला वर्षानुवर्षं लागलं, ती बाई कुणालाच दिसत नाही.

वाचनालयातनं आणून मी जमंल तसं वाचत आलोय. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 सालचं. लोक सांगतात, ते पडत्या वाड्याचं नाटक. पडत्या वाड्याचं आहेच. पण त्याच वाड्यात एक बहीण आहे. तिला शिकायचं होतं आणि शिकू दिलं नाही. लिहिणाऱ्यानं ती बघितली. भाषणवाले मात्र तिला ओलांडून वाड्याच्या चिऱ्यांवर रडत बसतात. आणि ज्या 1980 साली आमचं धरण पुरं झालं, त्याच साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं. कैकाड्याचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर. ते पुस्तक वाचल्यावर कळतं, की वाडा पडला म्हणून रडायलासुद्धा आधी वाडा असावा लागतो. आमच्या इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. तिचा अभिमान मलाही आहे. पण तिची माती कुणी वाहिली हे कुणी विचारतं का?

आता माझ्या घरातलं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा बाबा दुसऱ्यालाच शिकवतोय.

आमच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर म्हणजे सोन्याची खाण. भाऊ म्हणजे राजा, माहेरचा उंबरा म्हणजे देवघर. ऐकून गड्याचा ऊर भरून येतो. माझाही येतो. आणि असाच ऊर भरलेले आम्ही दोघं भाऊ वडिलांच्या माघारी आक्काला गाडीत बसवून हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन गेलो. नवीन गावठाणातलं घर आणि पुनर्वसनाची जमीन, दोन्हींवरचं पाणी तिनं सोडायचं. कायदा तिच्या बाजूला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात लेकीला हिस्सा दिला होता. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली देशानं वडिलार्जितात लेकीचा हक्क लेकाच्या बरोबरीला आणला. आक्काला हे कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं, मीही सांगितलं नाही. अंगठ्याला शाई लावताना ती एवढंच म्हणाली, "आरं, म्हायार चालू ऱ्हाईल न्हवं माजं?"

मी म्हणालो, "असं काय बोलतीस आक्का?" आणि तिला लुगडं-चोळी केली.

तिच्या त्या एका वाक्यात सगळा व्यवहार आहे. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माहेराची माया हीच आम्ही तारण म्हणून धरली होती. म्हणून मला प्रतीकाची भीती वाटते. बाईला प्रतीक देणं फुकटात होतं. 'घर तुझंच आहे गं' म्हणायला मुद्रांक लागत नाही. खरं घर द्यायचं म्हटलं की गड्याचा हात कापतो.

कुणी म्हणेल, गड्यानंही घाम गाळलाय, कर्ज काढलंय, घर पाहावं बांधून हे उगीच म्हणत नाहीत. बरोबर आहे. पण गड्याचा घाम उताऱ्यावर चढतो. बाईचा भुईत जिरतो. दुसरी म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी जुन्या घराचे वासे स्वतः उतरवून बैलगाडीत घालून आणलेत. वासे कुठं फिरत नाहीत. माणसं फिरतात, आणि दोष लाकडाला देतात.

माझ्या घराच्या उताऱ्यावर आता माझ्या नावाबरोबर मालकिणीचं नाव आहे. पन्नाशी उलटल्यावर सुचलं, त्यात काही मोठेपणा नाही. आक्काचं मात्र अजून राहिलंय. दोन खण तिच्या नावानं बक्षीसपत्र करून देईन म्हणालो, तर थोरला म्हणतो, "आत्याला या वयात काय करायचंय?" त्याच्या तोंडून माझंच जुनं बोलणं ऐकू आलं. यंदा ऊस गेला की हे काम करायचंच, असं मी इथं छापून ठेवतोय, म्हणजे मला मागं फिरता यायचं नाही.

तुम्हीही एक करा. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढा. तो काही मालकीचा पक्का पुरावा नव्हे, घरपट्टीची नोंद आहे. पण नावाचा रकाना त्यातही असतो. तो रकाना घरी नेऊन चुलीपुढं बसलेल्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. मग घर कुणाचं प्रतीक आहे ते तिलाच विचारा.