ऍपवर दुकान मांडा, पण यात्रेतली जागा सोडू नका

फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. ज्या समाधीला आपले लोक शाह रमजान म्हणून मानत आले, तिथेच. गटविकास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, चौकशी झाली. पण बांगड्या, खेळणी, चादरी घेऊन जत्रा करणाऱ्या माणसाला जो निरोप द्यायचा होता, तो देऊन झाला होता.

तेव्हापासून वाळूजमध्ये एक सल्ला सारखा कानावर येतो. जलशात, जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर, करिअर शिबिरात. "जत्रा सोडा, ऑनलाइन विका. ऍप धर्म विचारत नाही." सांगणारे भले लोक आहेत. सल्ला मात्र अर्धवट आहे, आणि अर्धवट सल्ल्यावर कर्ज काढून माल भरणारी पोरं मला माहीत आहेत. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, म्हणून कागदाच्या बाजूने सांगतो.

हेच आपण एमआयडीसीबद्दलही ऐकलं होतं: मशीन जात-धर्म विचारत नाही. खरंच विचारत नाही. पण भरती मशीन करत नाही.

आता ऍपचं बघू. रांजणगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने दुपट्टे शिवले आणि ते ऍपवर विकायचे ठरवले. १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत शंभर रुपयांचा दुपट्टा विकायलाही जीएसटी नंबर लागायचा. तोच दुपट्टा गल्लीतल्या दुकानातून विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत कुणी नंबर मागत नव्हतं. त्या तारखेपासून लहान विक्रेत्याला नोंदणीविना ऍपवर विकायची मुभा मिळाली, पण फक्त स्वतःच्या राज्यात. म्हणजे कोल्हापूरला पाठवा, हैदराबादला नाही. मराठवाड्यातल्या मुसलमानाला हे सांगून बघा! आपली निम्मी सोयरीक, आपली कापडाची आवड, आपलं खरं गिऱ्हाईक हैदराबादेत.

ठीक, नंबर काढू. त्यासाठी व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो: भाडेकरार, नाहीतर लाइट बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र. गुंठेवारीतल्या खोलीचा व्यवहार तोंडी असतो. करार कुठला? ऍप धर्म विचारत नाही, पण घरमालक विचारतो, आणि ऍपचा रस्ता त्याच्या सहीवरून जातो. नंबर मिळाला तरी विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं, उशीर झाला की दंड.

मग परतीचा माल. आपल्याकडे अजून अनेक जण पार्सल दारात आल्यावरच पैसे देतात. फोटो बघून मागवायचं आणि पोरगा दारात आला की "नको" म्हणायचं, हे फुकट आहे. घेणाऱ्याला फुकट. समजा तीनशेच्या दुपट्ट्यात साठ रुपये सुटतात. एक पार्सल परत आलं आणि जाण्यायेण्याचे नव्वद रुपये विक्रेत्याच्या माथी बसले, तर त्याची भरपाई करायला आणखी दोन दुपट्टे विकले जावे लागतात, आणि परत आलेला दुपट्टा चुरगळलेला असतो तो वेगळाच. कंपन्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. भार बहुतेक वेळा खाली सरकतो एवढं मात्र मी दर महिन्याच्या हिशेबात बघतो.

शिवाय यात्रेत दुकान कोपऱ्यात मिळालं तर माणूस चार आरोळ्या ठोकून गिऱ्हाईक ओढतो. ऍपवर तुमचा माल चाळिसाव्या पानावर गेला तर आरोळी कुणाला मारणार? ऍमेझॉन आणि फ्लिपकार्ट ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप देतात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला. ती तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्यांची होती. ते वकील लावू शकले. आपण?

म्हणून ऑनलाइन विकू नका, असं मी म्हणत नाही. विका, जरूर विका. राग आहे तो "जत्रा सोडा" या दोन शब्दांवर. व्यवसायाचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे, कुठल्या कंपनीने नाही. ग्रामसभेने हाकलायचं आणि आपण "बरं, मोबाइलवर विकतो" म्हणायचं, याला हुशारी म्हणत नाहीत. उद्या दुसऱ्या गावाने तसाच ठराव केला तर तिथेही मोबाइलच दाखवणार का? यात्रेतल्या जागेसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या, नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकाराला कोर्टात किंमत नसते.

आणि शिबिरं भरवणाऱ्यांना एक विनंती. वक्त्याच्या मानधनात आणि बॅनरमध्ये जातो तेवढ्या पैशात महिन्यातून चार दिवस एक टॅक्सवाला बसवता येतो. मशिदीच्या बाजूची एक खोली, टेबल, प्रिंटर. नंबर काढणं, रिटर्न भरणं, परतीच्या मालावर मुदतीत तक्रार टाकणं, एवढंच काम. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण शिवणारे हात त्यांचे आहेत आणि खातं मात्र भावाच्या नावावर उघडलं जातं.

संमतीपत्राचं तर आपल्याच हातात आहे. पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगावात खोल्या भाड्याने देणारे मुसलमान काही कमी नाहीत. लाइट बिल व्यापारी दराने येईल या भीतीने तेही सही देत नाहीत. पुढच्या जुम्याला त्यांच्याशी बोला.